बेडकीच्या आईची बाज

मी बाज बोलतेय. नवारीची नाही, सुंभाची नाही. उभ्या चिरलेल्या बांबूच्या पट्ट्यांची, वेताने आवळलेली, एका बाळंतिणीसाठी केलेली बाज. नाम ऊ नदीच्या काठावर खांबांवर उभं असलेलं एक घर आहे. त्या घराखाली, कोंबड्यांचं खुराडं आणि मासे धरायची फाटकी जाळी यांच्यामध्ये मी पडून असते. माझ्या दोन पट्ट्या मोडल्या आहेत आणि एका पायाला वाळवी लागली आहे.

आमच्याकडे बाजेचं आयुष्य फार नसतं. बाळंतीण शेकावरून उठली की तिचा नवरा बाजेचे बंध कापतो आणि बांबू रानात टाकून येतो. मला कुणी टाकलं नाही.

मला केलं फोन्साईने. तो या घरचा जावई. आमच्याकडे लग्नानंतर मुलगाच मुलीच्या घरी राहायला येतो, त्यामुळे सासूबाईंची बोलणी खाण्याचा मान त्याचा. बायकोचे दिवस भरत आले तसा तो टेकडीवरून जून बांबू तोडून घेऊन आला. अंगणात बसून त्याने ते चिरले, कडा कोयत्याने खरवडून गुळगुळीत केल्या आणि प्रत्येक पट्टीवरून उलटा हात फिरवून कुसळ टोचत नाही ना ते पाहिलं. कामात तो सावकाश होता.

"काय हो जावई, बाज करताय की माशांचा सापळा?" त्याच्या सासूने, इन्पेंगने, जिन्यावरून विचारलं.

"सापळाच आहे, आई. तुमची मुलगी पळून जाऊ नये म्हणून."

"मग पट्ट्या अजून जवळ घ्या," दुआन म्हणाली. पोटावर दोन्ही हात ठेवून ती खालच्या पायरीवर बसली होती. "मी एकदा बारीक झाले की कुठूनही निसटते. आईला विचारा."

इन्पेंगने नुसता सुस्कारा सोडला. दुआन तिची एकुलती एक मुलगी, आणि लहानपणापासून एक गोष्ट धड न ऐकलेली. पोहू नको म्हटलं की नदीत, झाडावर चढू नको म्हटलं की चिंचेच्या शेंड्यावर. फोन्साईशी लग्न करू नको असंही इन्पेंग म्हणाली होती म्हणे. तो समोर बसून माझे पाय बसवत असताना ती हे दोनदा तरी बोलून दाखवत असे, आणि तो हसत असे.

घराच्या आत, चुलीजवळच्या कोपऱ्यात मला मांडलं. माझ्याखाली मातीने भरलेली लाकडी पेटी ठेवली. त्या मातीवर निखारे राहायचे होते. फोन्साईने ठिणग्या न उडवणारं, कमी धुराचं लाकूड महिनाभर आधीपासून रचून ठेवलं होतं. मग आम्ही सगळे वाट पाहत बसलो.

मुलगी सकाळी झाली. ऊन खिडकीतून आत येऊन माझ्या पायाशी पोचलं होतं. इन्पेंगने तिला पुसून दुआनच्या कुशीत दिलं. तोवर पोरीने असा काही आवाज काढला की खाली कोंबड्या उधळल्या.

"बाई गं! केवढा हा आवाज," दुआनची मैत्रीण लाम्पून म्हणाली. ती पाणी तापवायला आली होती. "ही माणसाची आहे की बेडकाची?"

झालं. आमच्याकडे तान्ह्या मुलाला गोड म्हणत नाहीत, भुतांच्या कानावर जातं. जितकं वेडंवाकडं नाव, तितकं चांगलं. त्या सकाळपासून ती बेडकी झाली. तिला सुपात ठेवून इन्पेंगने सूप वर उचललं आणि दाराकडे तोंड करून भुतांना मोठ्याने म्हणाली, "तुमचं असेल तर आत्ता घेऊन जा! उद्यापासून आमचं!" लाम्पूनने लगेच सूप आपल्या हातात घेतलं आणि म्हणाली, "आमचं, आमचं."

दुआन हे सगळं पाहत पडून होती. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "आई, मला काहीच वाटत नाहीये."

"काय वाटायला हवंय?"

"सगळ्या म्हणतात, मूल बघितलं की छाती भरून येते. माझी नुसती दुखतेय. हे कुणाचं तरी मूल माझ्याजवळ ठेवलंय असं वाटतंय."

माझ्यावर पडलेल्या दुआनचं अंग ताठ झालं होतं. आपण काहीतरी भलतं बोललो, याची तिला भीती वाटली असावी.

इन्पेंग निखारे सारखे करत होती. तिने मान वर केली नाही. "आधी दूध येऊ दे," ती म्हणाली. "वाटणं मागून येतं."

शेक सुरू झाला. पहिलटकरणीचा शेक जास्त दिवस, हा आमच्याकडचा रिवाज. खाली निखारे, वर मी, माझ्यावर दुआन, तिच्या कुशीत बेडकी. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायचं, मुळ्यांचा कढत काढा प्यायचा, घाम गाळायचा. आणि त्या खोलीत कुणी 'गरम' हा शब्द काढायचा नाही. काढला तर बाळंतिणीच्या अंगावर फोड उठतात असं मानतात. फोन्साई एकदा लाकडं घेऊन आत आला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "बाप रे, इथे किती..."

इन्पेंगचा हात पळीकडे गेला.

"...किती छान वाटतंय!" त्याने वाक्य पुरं केलं. दुआन इतकी हसली की पोट धरून कण्हायला लागली.

पण असं हसणं कमी. दुआनला ज्या गोष्टी कुणी सांगितल्या नव्हत्या, त्या एकेक करून तिच्या अंगावर येत होत्या. छाती दगडासारखी होते, पोर ओढायला लागली की पायाच्या बोटांपर्यंत कळ जाते, आणि ती कळ सोसताना पोराला दूर ढकलावंसं वाटतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. भेटायला बाया येत, जिना चढता चढताच "कुठाय ती कुरूप?" म्हणून ओरडत, बेडकीला उचलत, तिचं नाक कुणावर गेलंय यावर भांडत आणि निघून जात.

"मी इथे नसते तरी चाललं असतं," दुआन एका दुपारी लाम्पूनला म्हणाली. "दूध देणारी म्हैस बांधली असती तरी यांना कळलं नसतं."

"म्हैस इतकं बोलत नाही," लाम्पून म्हणाली.

त्याच दुपारी दुआनच्या हातातला भाताचा गोळा निसटून माझ्या फटीतून खाली राखेत पडला, आणि ती हमसून हमसून रडली. एका भाताच्या गोळ्यासाठी. लाम्पून घाबरली. इन्पेंगने मात्र जवळ बसून तिची पाठ चोळली. 

खायला फक्त चिकट भात, भाजलेलं आलं आणि मीठ. बाकी सगळं वर्ज्य. डुकराचं मांस, म्हशीचं मांस, अंडी, शेंगा, डाळी, पालेभाजी, फळ, एकूणएक. शेक संपला तरी हे पथ्य पुढे काही महिने चालवायचं. पथ्य मोडलं तर दुधातून विष जातं आणि मूल हाती लागत नाही, असं आमच्या बाया एकमेकींना सांगत आल्या आहेत. दुआनला हे लहानपणापासून ठाऊक होतं, आणि लग्नाआधी ती त्याची टिंगल करत असे. "मी तर पहिल्याच दिवशी पपई खाणार," असं तिने माझे बंध आवळले जात असतानाही म्हटलं होतं.

मग एक छोटी गोष्ट झाली. बेडकी शिंकली. आयुष्यातली पहिलीच शिंक असावी. आपल्याच शिंकेने ती दचकली आणि डोळे वटारून दुआनकडे बघायला लागली, जणू हे तिनेच केलं. दुआनला आधी हसू आलं. हसता हसता ती थांबली आणि पोरीचं डोकं तिने गळ्याशी धरलं. बराच वेळ ती तशीच बसून होती.

आई म्हणाली होती ते मागून येणारं वाटणं त्या शिंकेबरोबर आलं. आणि त्याच्या मागोमाग भीती आली.

त्यानंतर दुआन झोपेनाशी झाली. दर थोड्या वेळाने ती बेडकीच्या नाकाखाली बोट धरून बघायची. पपईचं नाव काढेना. जिने कधी कुणाचं ऐकलं नाही, ती आता आईने सांगितलेलं तर पाळायचीच, वर येणाऱ्या-जाणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारून आणखी पथ्यं जोडून घ्यायची. कुणी म्हणालं की आलंसुद्धा जास्त नको, तर तिने आलंही कमी केलं.

लाम्पूनच्या घरच्यांनी नदीच्या वाळवंटात भुईमूग लावला होता. पहिल्या शेंगा निघाल्या तशी ती मिठात उकडलेल्या शेंगांची जुडी पदराखाली लपवून घेऊन आली. इन्पेंग खाली धान कांडत होती.

"चटकन खा. टरफलं मी घेऊन जाते."

दुआनने जुडी हातात घेतली, नाकाशी नेली. तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला तिच्या गिळण्यावरून कळलं. मग तिने ती परत लाम्पूनच्या मांडीवर ठेवली.

"घेऊन जा."

"अगं, ही तूच ना? शाळेतून येताना लोकांच्या शेतातल्या शेंगा उपटायला मला शिकवणारी?"

"तेव्हा मार फक्त मला बसायचा," दुआन म्हणाली.

शेक संपायला आला तेव्हा इन्पेंगने एक वेगळंच काम केलं. मुलीच्या गळ्याची हाडं वर आलेली तिला बघवेनात. तिने डुकराच्या मांसाचा पातळ रस्सा शिजवला आणि वाडगा घेऊन माझ्या काठावर बसली. फोन्साई दारात उभा होता.

"थोडं घे," इन्पेंग म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा हुकमी नव्हता. "एवढ्याने काही होत नाही."

"आई, तूच म्हणालीस ना?"

"म्हणाले. आता मीच म्हणतेय, घे."

दुआनने वाडग्याकडे बघितलं. "माझ्या आधीचे दोघं गेले, तेव्हा तू असं काही खाल्लं होतंस?"

दुआनच्या आधी इन्पेंगला दोन मुलगे झाले होते. दोघेही तान्हेपणीच गेले. त्या घरात त्यांच्याबद्दल कुणी बोलत नसे.

"नाही," इन्पेंग म्हणाली. "त्यांच्या वेळी एक घास नाही."

"इतकं पाळून गेले. मग मी न पाळता काय होईल?"

 वाडगा निवत गेला. शेवटी फोन्साईने तो बाहेर नेला. त्या वेळी दोघींच्या मध्ये, हाताच्या अंतरावर, सगळं उत्तर ठेवलेलं होतं, आणि दोघींनी ते उलटं वाचलं. मी बांबू. मला तरी काय कळणार?

शेकावरून उठायचा दिवस आला, निखारे विझवले, पेटी बाहेर काढली. फोन्साई माझे बंध कापायला कोयता घेऊन आला, पण दुआनला नीट उभं राहता येईना. पायांत मुंग्या येत होत्या, पावलं जमिनीला लागलेली कळत नव्हती.

"बसून बसून पाय विसरलेत," शेजारची म्हातारी म्हणाली. "होतं पहिल्या वेळी."

म्हणून मी राहिले. आणखी थोडे दिवस, असं ठरलं.

बेडकी दुसऱ्या महिन्यात होती. आमचं उन्हाळ्यातलं नवं वर्ष तोंडावर आलं होतं, गावात पाहुणे यायला लागले होते. एका सकाळी बेडकी रडली आणि तिचा आवाज घोगरा निघाला.

"अरे, ही तर आता खरी बेडकी झाली!" फोन्साई म्हणाला, आणि सगळे हसले. दुआनही हसली.

काही दिवसांत घोगरा आवाजही बारीक होत गेला. पाहुण्या बाया येऊन म्हणायला लागल्या, "किती शहाणी पोर! रडत नाही की काही नाही. नशीब काढलंस." इन्पेंगही चारचौघींत मान डोलावत असे.

दुआनला मात्र दिसत होतं. बेडकी रडत होती. तोंड उघडत होतं, चेहरा लाल होत होता, डोळ्यांच्या कडेने पाणी येत होतं. फक्त आवाज येत नव्हता. दोन घोट ओढले की ती दमून छाती सोडायची आणि धापा टाकायची.

"ही रडतेय," दुआन एका दुपारी भरल्या घरात म्हणाली. "तुम्हाला दिसत नाही का? ही केव्हापासून रडतेय!"

बायांनी एकमेकींकडे बघितलं. मग एक म्हणाली, "पहिलटकरीण आहे. घाबरते."

इन्पेंगने गावच्या म्हाताऱ्याला बोलावलं. केळीच्या पानांचा द्रोण मांडला, फुलं ठेवली. म्हाताऱ्याने बेडकीचा हरवलेला जीव रानातून, नदीतून, रस्त्यावरून नावाने परत बोलावला. सगळ्यांनी तिच्या मनगटांना पांढरे दोरे बांधले. एवढ्याशा मनगटावर दोरेच दोरे झाले. दुआननेही बांधला, डोळे मिटून, ओठ हलवत. दुसऱ्या दिवशी बेडकीचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा चालायला लागला.

"तालुक्याला नेऊ," दुआन म्हणाली.

"या उन्हात? या वाऱ्यात?" इन्पेंग म्हणाली. "बाहेरचा वारा लागला तर..."

"आत ठेवून काय झालं, आई?"

फोन्साई उठून नदीकडे गेला आणि नावेच्या इंजिनात तेल भरून आला. दुआन बेडकीला छातीशी धरून जिन्यापर्यंत गेली. पहिल्या पायरीवर तिचे गुडघे दुमडले. लाम्पूनने बेडकीला झेललं म्हणून बरं. मग फोन्साई आणि शेजारचे तिघे आत आले. त्यांनी दुआनला माझ्यावर बसवलं, बेडकीला तिच्या मांडीवर दिलं आणि मला चारी कोपऱ्यांनी उचललं. ज्या बाजेने रानात जायचं, ती अशी माणसांच्या खांद्यावरून नदीवर गेली.

उन्हाळ्यात नाम ऊ आटलेली असते. खडक वर येतात, नाव तळाला घासते. दोन ठिकाणी पुरुष पाण्यात उतरून नाव ढकलत होते. इन्पेंग छत्री धरून बसली होती, ती स्वतःवर नव्हे, त्या दोघींवर. दुआन बेडकीशी बोलत होती. बोलणं कसलं, काठावर जे दिसेल ते सांगत होती.

"ती बघ म्हैस. तो बघ लाम्पूनचा शेंगांचा वाफा. तो बघ तुझा बाप, कसा ढकलतोय. एरवी आळशी आहे."

"ऐकू येतंय हं मला," फोन्साई पाण्यातून म्हणाला. 

बेडकीचा तो जलद श्वास दुआनच्या मांडीतून माझ्या पट्ट्यांपर्यंत पोचत होता. एका मोठ्या वळणावर विहाराचं छप्पर दिसायला लागलं. तालुक्याचं गाव आलं. तेव्हा तो श्वास थांबला. पट्टी स्थिर झाली.

कुणाला कळलं नाही. दुआनला कळलं. तिने पोरीच्या ओठांत छाती दिली, पदर ओढून घेतला आणि काठावरच्या गोष्टी सांगत राहिली. नाव लागेपर्यंत ती बोलत होती. "ते बघ घाट. ते बघ छोटं दुकान. त्या बघ कोंबड्या." माझ्यावर बसलेल्या माणसाचं अंग इतकं जड झालेलं मी आधी अनुभवलं नव्हतं.

दवाखान्याच्या ओसरीवर मला ठेवलं. नर्सबाई बाहेर आल्या. वय झालेल्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. त्यांनी पदर बाजूला केला, बेडकीच्या छातीला कान लावला, डोळे मिटवले आणि तिला पांढऱ्या कापडात गुंडाळलं. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली, बांबूला बसलेल्या काजळीकडे. तिथून ती दुआनच्या पायांकडे गेली. त्यांनी पोटरी दाबून बघितली.

"पायांना मुंग्या येतात?"

दुआन त्या पांढऱ्या कापडाकडे बघत होती. इन्पेंगने होकार दिला.

"काय खाते?"

"भात. मीठ. थोडं आलं." इन्पेंगचा आवाज जरा वर आला, त्यात अजून थोडा अभिमान होता. "दुसऱ्या कशाला हात लावला नाही तिने. सगळं पाळलं."

नर्सबाईंनी आत जाऊन सुई आणली, दुआनच्या दंडात औषध टोचलं. मग त्या माझ्या कडेवर बसल्या. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्या फक्त दमलेल्या दिसत होत्या.

"सडून कोंडा काढलेल्या, धुतलेल्या तांदळात अंगाला लागणारी एक गोष्ट उरत नाही," त्या म्हणाल्या. "मांसात असते, शेंगांत असते, डाळीत असते. आई नुसत्या भातावर राहिली की तिच्या दुधातही ती नसते. मुलाचं हृदय थकतं. आवाज आधी जातो. वेळेत आणलं तर हीच सुई मुलाला देतो आम्ही. बघता बघता पोर पुन्हा दूध ओढायला लागतं."

फोन्साई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

इन्पेंग पुढे सरकली. मग तिने विचारलं, "आवाज आधी जातो?"

"हो."

"माझ्या दोघांचाही गेला होता. आधी घोगरा झाला होता. आम्ही म्हणालो, सर्दी." तिने दुआनकडे बोट केलं. "आणि ही? ही कशी जगली मग?"

नर्सबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "हिच्या वेळी काय खाल्लं होतंत?"

इन्पेंगने तोंडावर हात ठेवला. हाताच्या आडूनच ती बोलली. "सगळं. दोन गेल्यावर मला कशाचीच पर्वा नव्हती. हिचा बाप बाजारातून जे आणायचा ते खायचे. मांस, शेंगा, काय वाटेल ते. चोरून. कुणाला बोलले नाही. लाज वाटायची. मला वाटायचं, मी एवढं पथ्य मोडूनही पोर जगली, ती मनगटाच्या दोऱ्यांनी."

 दुआनने पहिल्यांदाच मान वळवून आईकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी पाठी आणि मांड्या ओळखते, डोळे नाहीत.

दुआनचे पाय सुधारले. इतक्या लवकर सुधारले की दवाखान्यातल्या बायांना आनंद झाला. "बघ, चालतेस की!" एक म्हणाली. दुआन ओसरीच्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली आणि माझ्यावर बसून दोन्ही मुठींनी स्वतःच्याच मांड्या बडवायला लागली.

"हे कशाला बरे केलेत? हे कशाला?"

फोन्साईने तिचे हात धरून ठेवले.

परतीच्या वाटेवर नावेत नव्या वर्षाच्या पाहुण्यांमुळे जागा नव्हती, तरी दुआनने मला मागे सोडू दिलं नाही. बेडकी जन्मली तेव्हापासून फक्त माझ्यावर झोपली होती. तिच्या घरात, तिच्या गावात, तिला ठाऊक असलेली जमीन म्हणजे मीच. फोन्साईने मला घराखाली ठेवलं आणि कोयता वर, छपरात खोचून टाकला.

दूध थांबत नव्हतं. हीही एक गोष्ट, जी कुणी सांगितलेली नसते. शेजारच्या घरात कुणाचं मूल रडलं की दुआनची चोळी भिजायची. ती कामं टाकून खाली यायची, माझ्यावर बसायची आणि छाती मोकळी करून मातीत पिळायची. कोंबड्या जवळ यायच्या, ती त्यांना हाकलायची नाही. पुढे ते आटलं. तरी ती यायची.

आईशी ती फार बोलत नसे. भांडण म्हणावं असं काही झालं नाही. इन्पेंग भाताबरोबर रोज काहीतरी जास्तीचं शिजवून तिच्यापुढे ठेवायची, आणि दुआन ते खायची, न बघता. इन्पेंग समोरून उठून जायची.

आता दुआनला पुन्हा दिवस गेलेत. फोन्साईने नव्या बाजेसाठी बांबू आणले आहेत. माझे दोन पाय अजून चांगले आहेत, ते घेऊ का, असं तो म्हणाला. दुआन म्हणाली, "नको." त्याने परत विचारलं नाही.

आज दुपारी इन्पेंग खाली आली. दुआन माझ्यावर बसून आलं खरवडत होती.

"मी सांगून ठेवते," इन्पेंग उभ्या उभ्याच म्हणाली. "या वेळी मी नसेन. बहिणीकडे जाते, वरच्या गावात. लाम्पून आहे, नर्सबाई येईन म्हणाल्यात. माझा हात नको तुझ्या बाळंतपणात."

दुआन आलं खरवडत राहिली.

"ऐकलंस का?"

"ऐकलं. कोण करणार मग? फोन्साई? तो 'गरम' म्हणेल पहिल्या दिवशी."

"चेष्टा करू नकोस. मला भीती वाटते."

"आणि मला?" दुआनने सुरी खाली ठेवली. "मला काही येतं का, आई? मागच्या वेळी तरी येत होतं का? मी तुझ्याकडे बघून करत होते."

इन्पेंग माझ्या दुसऱ्या टोकाला टेकली. माझा वाळवीचा पाय करकरला. "मी माझ्या आईकडे बघून केलं," ती म्हणाली. "मला तरी कुठे येत होतं?"

दुआन सरकली आणि आईच्या खांद्याला टेकली.  वर फोन्साई नव्या पट्ट्यांच्या कडा खरवडत होता, त्याचा आवाज येत होता. मग इन्पेंगने हात पुसून दुआनच्या पोटावर ठेवला. परवानगी विचारल्यासारखा, अगदी हलका. दुआनने तो काढला नाही.

मी बाज आहे. शेकाला नावं ठेवायला मी बसलेली नाही. निखाऱ्यांची ऊब दुखऱ्या कमरेला किती बरी वाटते, ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. शेक द्या, दोरे बांधा, मुलाला वेडंवाकडं नाव ठेवा. फक्त पहिलटकरीण निमूट सगळं पाळायला लागली, तर तिच्या शहाणपणाचं कौतुक करून निघून जाऊ नका. तिच्या जेवणाच्या टोपलीत भाताशिवाय काय आहे ते बघा. ती म्हणाली की मूल रडतंय, तर मुलाकडे बघा.

दोघी अजून बसल्या आहेत. माझे बंध सैल झालेत, मधली पट्टी वाकली आहे. त्या उठेपर्यंत मी मोडायची नाही. मग मला चुलीत घाला. रस्सा शिजवायला कोरडा बांबू चांगला जळतो.